तिथीची पाऊणपट

त्या दिवसाची तिथी मी ठरवली होती. पाण्याचे नमुने घ्यायला साहेब खाडीवर आले तो दिवस पौर्णिमेचा होता आणि वेळ दुपारी बाराची होती, हे गावात अजून काही जणांना आठवतं. पण ती पौर्णिमा आणि ते बारा माझ्या तोंडून निघाले होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आईवडील होते तोवर त्यांनाही नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ती माझी हिराआत्या आता नाही. आमच्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. तारापूर पट्ट्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी ते आहे, एवढं पुरे.

घर आमचं चार खोल्यांचं, कौलारू, समोर बोंबील वाळवायची मांडवळ. वडील बोटीवर जायचे ते तीन-तीन दिवस नसायचे. आई सकाळी पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात. त्यामुळे घर चालायचं ते आत्याच्या पायांवर. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा तरुणपणीच दर्यात गेला, मूल नव्हतं, ती भावाकडे आली आणि मला तिनेच वाढवलं. तिचं काम खाडीतलं. ओहोटीला खडक उघडे पडले की छोटी कोयती आणि टोपली घेऊन ती चिखलात उतरायची, कालवं फोडायची, शिंपल्या वेचायची. मला जाग यायची ती तिच्या कोयतीच्या आवाजाने. दाराच्या दगडावर ती पाती घासायची, तीन घास लांब, एक आखूड. परतली की चूल. तव्यावर तांदळाची भाकरी, आणि कालवांचं कालवण, त्यात चिंचेचा कोळ, ठेचलेला लसूण, बाकी फारसं काही नाही. पहिली वाढणी माझी असे. वडील घरी असले तरी आधी माझी. आई हसून म्हणायची, "लाडका हाय ना, देव बी मागनं जेवंल." आत्या अजून एक पळी वाढायची.

आत्याला अक्षरओळख नव्हती, घड्याळही तिने कधी वापरलं नव्हतं. पण भरती कधी पुरी होणार हे ती बोटांच्या पेरांवर सांगायची. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चौथ असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनव-आवसेला सव्वाअकरा, धरून चाला बारा. दुपारचे बारा तसेच रात्रीचे बारा. त्यातून सहा तास मागे-पुढे गेलं की ओहोटी. पुनव-आवसेचं पाणी उधाणाचं. चढतं तेव्हा खाडी काठोकाठ भरून दर्या होऊन जाते, आणि उतरतं तेव्हा इतकं उतरतं की मधल्या धारेतून गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येतं. हा हिशोब मला सातव्या वर्षी पाठ होता, पाढ्यांच्या आधी. त्याबरोबर तिने एक गोष्ट बजावली होती. आपल्या खडकांचं पाणी परक्याला सांगायचं नाही. कुठला खडक कधी उघडा पडतो, कधी बुडतो, हे ज्या घराचं त्या घरात. कुणी विचारलंच तर म्हणायचं, दर्याला विचारा. गावातल्या सगळ्याच बायका हे पाळत. कंजूषपणा नव्हता तो. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या सातबाऱ्यात एवढंच लिहिलेलं असतं.

मी बी.एस्सी. झालो, रसायनशास्त्र घेऊन, पालघरच्या कॉलेजातून. कुंभवलीच्या बाजूला कापडाचे रंग बनवणारा एक कारखाना होता, तिथल्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. वय बावीस. पांढरा कोट घालून पहिल्या दिवशी घरी आलो तेव्हा आत्या कोटाला हात न लावता लांबूनच बघत राहिली, हात ओले होते म्हणून. लॅबमध्ये दुपारी काम थोडं. मी तेव्हा सरकारी परीक्षेची तयारी करत होतो, वहीत आधुनिक जगाचा इतिहास उतरवून काढायचो. वाफेचं यंत्र, सूतगिरण्या, शहरांची वाढ, कामगार चळवळ, महायुद्धं. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात एक ओळ होती: सुरुवातीच्या काळात जनतेला हाल सोसावे लागले, पण पुढे राहणीमान उंचावले. ही ओळ मला फार आवडायची. एवढ्या मोठ्या गोष्टीला एका ओळीत बसवल्याचा आनंद असायचा. मधल्या त्या स्वल्पविरामात किती माणसं राहिली हे मी मोजलं नाही. परवा माझी मुलगी त्याच परीक्षेच्या अभ्यासात जवळजवळ तीच ओळ मोठ्याने पाठ करत होती. मी पेपर खाली ठेवला आणि गच्चीवर गेलो. हे लिहायला घेतलं ते त्या संध्याकाळी.

जग बदलत होतं ते वहीत होतं तसंच आमच्या गेटमधूनही आत येत होतं, फक्त आम्हाला ते खोक्यांमध्ये दिसायचं. आमचा निम्मा माल रशियाला जायचा. तो देशच मोडला. गोडाऊनमध्ये निळ्या रंगाची पिंपं छतापर्यंत चढली, त्यांच्यावर ज्या देशाचं नाव छापलेलं तो नकाशावर उरला नव्हता, आणि पॅकिंगमधला युपीचा शंभू खोडरबर मागत फिरायचा, म्हणायचा, "साब, मुलुक ही मिट गया तो पता काट दूँ क्या?" मग परवाने उठले, बंधनं सैल झाली, आणि वर्षभरात जर्मनीतून जुनी यंत्रं आली. तिथला एक कारखाना बंद पडला होता, तो सुटा करून आम्ही विकत घेतला होता. त्याच्या प्रत्येक भागावर तिकडच्या अक्षरात नंबर टाकलेले. जोडायला त्यांचाच एक म्हातारा फिटर आला होता, निवृत्त झालेला, उंच, मान खाली घालून चालणारा. एका रविवारी त्याला खाडी बघायची होती, मी घेऊन गेलो. ओहोटी होती. आमच्या कारखान्याच्या नाल्याचं पाणी मधल्या धारेला मिळतं तिथे तो उभा राहिला. मोडक्या इंग्रजीत त्याने मला विचारलं, आज कुठला रंग आहे? मला समजलं नाही. तो म्हणाला, लहानपणी आम्ही शाळेत जाताना पुलावरून नदी बघायचो आणि हे एकमेकांना विचारायचो. आता तिथे मासे परत आले आहेत, त्याचा नातू गळ टाकून बसतो. मी त्याला मधली धार लालसर आहे असं सांगितलं. त्याला ते दिसतच होतं.

आत्याला वास आधी आला होता. त्याच्याही वर्षभर आधी. ओहोटी लागली की खाडीला घासलेटसारखा वास येतो म्हणायची. पुढे कालवांनाच यायला लागला. शिजवताना घरभर भरायचा, चिंच दुप्पट घातली तरी जायचा नाही. आई एके दिवशी भरली पाटी तशीच परत घेऊन आली, गिऱ्हाइकाने हुंगून बघितलं आणि पुढे गेलं. बायकांच्या पायांना खाज सुटायची, पोटऱ्यांवर चट्टे. आत्याने खाडीत जाणं थांबवलं आणि बाकीच्या बायकांनाही थांबवलं. आमच्या शेजारची गोमीकाकी, जिच्या तोंडाला गावातले पुरुषही वचकून असत, तिने आत्याला पुढे केलं, आणि तीस-चाळीस बायकांच्या अंगठ्यांनिशी सरकारकडे अर्ज गेला. चौकशी लागली. अर्ज लिहून मीच दिला होता. हेही खरं आहे. माझं अक्षर चांगलं होतं आणि आत्याने सांगितलं म्हणून मी लिहिला. कारखान्यात हे कुणाला माहीत नव्हतं.

आमचे मॅनेजर देसाई वाईट माणूस होते असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ते माझ्या वहीतल्या चुका दुरुस्त करून द्यायचे, परीक्षेची पुस्तकं आणायला गाडी द्यायचे. रशिया गेल्यावर नवीन गिऱ्हाइकं युरोपातली धरायची होती, आणि त्यांना मालाबरोबर एक कागद हवा होता, की हा माल बनवताना पाणी बिघडलेलं नाही. ज्यांनी ही यंत्रं स्वतःच्या नदीकाठावरून काढून टाकली होती तेच तो कागद मागत होते. देसाई हे हसत सांगायचे, पण कागद आला नाही तर दोनशे माणसं घरी जाणार होती आणि तेव्हा ते हसत नसत. चौकशीचे साहेब घाटावरचे, सरळ माणूस. ते म्हणाले, दोन्ही बाजूंना सोयीचा दिवस सांगा, मागाहून तक्रार नको. ते बाहेर चहाला गेले तेव्हा देसाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. "तू खाडीचा. अकरा ते चारच्या मधे यायचंय त्यांना. कुठला दिवस बरा?" बरा म्हणजे काय हे ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. लॅबमध्ये मी रोज एक मिली नमुन्यात नव्याण्णव मिली पाणी घालायचो. पातळ करणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी कॅलेंडरवरच्या तिथ्या बघितल्या. अष्टमीला दुपारी ओहोटी होती. पौर्णिमेला दुपारी बाराला खाडीत फक्त दर्या होता. सातव्या वर्षी पाठ केलेला हिशोब होता, एक क्षण लागला. मी पौर्णिमेवर बोट ठेवलं. मला कुणी धमकावलं नाही, काही देऊ केलं नाही. खुर्चीवर बसवून विचारलं, एवढंच. इतक्या माणसांत मला एकट्याला उत्तर येत होतं, त्याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. तसंच होतं.

दिवस ठरल्याचं पत्र गावात पोचवायचं कामही माझ्याकडे आलं. आत्या ओट्यावर सुकट निवडत होती. मी वाचून दाखवलं. तिचा अंगठा लगेच पेरांवर फिरला आणि थांबला.

"पुनवेला? दुपारच्याला?" ती म्हणाली. "तवा तर खाडी भरलेली आसंल. त्यांना दर्याचं पानी मिळंल, आपलं नाय. अष्टमीला बोलाव म्हणावं त्यांना."

मी तिच्यासमोर बसलो. सुकटीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणालो, "आत्ये, त्यांच्याकडे यंत्र असतं. यंत्राला भरती-ओहोटी लागत नाही. थेंबात असलं तरी सापडतं."

हे पूर्ण खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतकं सोपं गेलं. थेंबात सापडतं, पण किती सापडलं यावर सगळं ठरतं, आणि ते मी सांगितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही. पांढऱ्या कोटाकडे बघितलं होतं तसं. "आसं व्हय," ती म्हणाली. "आमाला कुठं ठावं. तू शिकलास." आणि पुन्हा सुकट निवडायला लागली.

पौर्णिमेच्या दुपारी खाडी किती सुंदर दिसत होती हे मला लिहायला नको वाटतं. खारफुटीच्या फांद्यांपर्यंत हिरवं-निळं पाणी, वारा, खडक सगळे पोटात घेतलेले. होडी तयार होती. साहेब, त्यांचा मदतनीस, बाटल्यांची पेटी, देसाई, आणि काठावर अर्ज केलेल्या सगळ्या बायका, धुतलेली लुगडी नेसून आलेल्या, जणू लग्नाला. मी मधे उभा होतो, दोन्हीकडचा म्हणून. साहेबांनी पहिली बाटली बुडवली तेव्हा गोमीकाकी पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, "भरल्या हंड्यात चिमूटभर मीठ धुंडताय व्हय, साहेब? सांजच्याला या, रिती खाडी दावते." बायका हसल्या. साहेबांनी मान वर केली. त्यांना ते पुरतं कळलं नव्हतं, पण काहीतरी महत्त्वाचं आहे एवढं कळलं होतं, आणि त्यांनी बाटली तशीच हातात धरून विचारलं, काय म्हणतात त्या? देसाई माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं होतं की नाही मला आठवत नाही. माझ्या आधी आत्या बोलली. ती गोमीकाकीला म्हणाली, "गप गो. यंत्राला भरती-ओहोटी लागत नाय. माझा पोर शिकलेला हाय, त्यान सांगितलंय."

गोमीकाकी माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत प्रश्न होता आणि तो फक्त मला विचारलेला होता. मी खाली पाण्याकडे बघितलं. साहेबांनी बाटलीचं बूच लावलं.

अहवाल दोन महिन्यांनी आला. पाणी मर्यादेत. पंचायतीच्या ओट्यावर तो वाचला गेला, आणि ज्यांची पोरं कारखान्यात होती त्यांनी बायकांना चार टोमणे मारले, की कामधंदा नाय तर अर्ज करत फिरता, नाकाला वास येतो तर नाक कापा. गोमीकाकीने त्यांना त्यांच्याच भाषेत परत केलं. आत्या उठून घरी गेली. मला वाटलं ती रागावली असेल. माझ्यावर रागावली असेल. रात्रभर मी त्या रागाची वाट बघितली, कारण राग आला तर मला खरं सांगून टाकता येईल असं वाटत होतं. सकाळी जाग आली ती दगडावरच्या कोयतीच्या आवाजाने. तीन घास लांब, एक आखूड. वर्षभर तो आवाज घरात नव्हता. ती खाडीत गेली, टोपलीभर कालवं घेऊन आली आणि चूल पेटवली. यंत्राने चांगलं म्हटलं होतं. मग चूक आपल्या नाकाची, असा तिने साधा निकाल लावला होता. ती माझ्यावर रागावली नव्हती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता, तो असा शेवटपर्यंत.

पहिली वाढणी माझी. ताटलीतून घासलेटचा वास येत होता. मी म्हणालो, पोट बरं नाही. आत्या म्हणाली, "वास येतो व्हय तुला बी?" मी म्हणालो, नाही. वास कसला. नुसतं पोट. "मग म्या म्हातारी झाले," ती म्हणाली, आणि हसली, "माझं नाक गेलं." माझ्या ताटलीतलं तिने स्वतःच्या ताटलीत ओतून घेतलं आणि भाकरी मोडली. मी समोर बसून होतो. ती खात होती आणि मी बघत होतो. अन्न टाकू नये म्हणून तिने भाकरीने ताटली पुसूनही घेतली. जगाचा इतिहास लिहिलेली वही तेव्हा माझ्या खांद्याच्या पिशवीत होती.

ती अजून अकरा पावसाळे जगली. शेवटी शेवटी तिच्या हातापायांची कातडी कोळंबीच्या सालीसारखी निघायची. डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अर्थ लावायचा नाही असं मी ठरवून टाकलं होतं. पण मला त्याहून वेगळी गोष्ट जास्त छळते. त्या अहवालानंतर तिने पेरांवर मोजणं सोडलं. गावातल्या पोरी पाणी कधी उतरणार विचारायला आल्या की म्हणायची, माझं काय खरं नाय आता, शिकलेल्यांना विचारा. जिला अख्खी खाडी नाकाने आणि तळपायांनी कळायची, तिला मी एका वाक्यात अडाणी करून टाकलं. कारखान्याने पाणी बिघडवलं. हे मात्र मी एकट्याने केलं. कागद मिळाला, माल युरोपात गेला, मी कायम झालो. परीक्षा मी कधी दिलीच नाही. काही वर्षांनी तो कारखानाही बंद पडला. यंत्रं पुन्हा सुटी झाली, त्यांच्यावर पुन्हा नंबर पडले, आणि ती कुठल्यातरी आणखी दूरच्या देशात गेली. तिथेही कुणीतरी तिथलाच, शिकलेला पोरगा असेल.

आता पालघरला राहतो. गावी जातो ते लग्नाकार्याला. त्या खडकांवर कालवं नाहीत. नव्या पोरींना ती होती हेही सांगावं लागतं. गोमीकाकी अजून आहे. पाठीत वाकली आहे, पण दुपारी मांडवळीखाली बसून बोंबलांवरचे कावळे हाकते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सोडत नाही. मागच्या खेपेला मी समोरून जात होतो तेव्हा तिने हाक मारली, बसवलं, पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "हिराचं नाक लय तिखट होतं. मंग शेवटाला कसं काय बिघडलं, मला नाय उमगलं." मी पेला खाली ठेवला आणि निघतो म्हणालो. तिने थांब म्हटलं नाही.

देणं माझ्यावर एकच उरलं आहे. त्या मांडवळीखाली, गोमीकाकीसमोर आणि चार माणसं ऐकत असताना, मी म्हणायला हवं की हिराआत्याचं नाक कधीच बिघडलं नव्हतं; वास मलाही येत होता, आणि पौर्णिमा मी काढून दिली होती. लिहून झालं आहे. बोलून झालेलं नाही.